गॅस सुकवताना

समुद्रतळाखालून वर येणारा नैसर्गिक वायू कधीच कोरडा नसतो. ज्या सच्छिद्र खडकात तेल आणि वायू साठलेले असतात, त्याच खडकात पाणीही असते. लाखो वर्षे पाण्याला लागून राहिल्याने त्या गॅसमध्ये मावेल तेवढी वाफ आधीच भरलेली असते. विहिरीतून वर आल्यावर सेपरेटरमध्ये तेल, पाणी आणि गॅस वेगळे होतात. मात्र सेपरेटर काढतो ते सुटे पाणी. वाफेच्या रूपातले पाणी गॅसबरोबर पुढे निघून जाते आणि गॅस थंड झाला की पाइपलाइनमध्ये पुन्हा थेंब होऊन बसते.

हे पाणी किती असते, याचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. 40 अंश सेल्सिअस आणि 70 बार दाबाच्या गॅसमध्ये, प्रमाण स्थितीत मोजलेल्या दर घनमीटरमागे, साधारण एक ग्रॅम वाफ असते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण रोज 20 लाख घनमीटर गॅस हाताळणाऱ्या प्लांटमधून या हिशेबाने दिवसाला दोन टन पाणी अदृश्य रूपात पुढे जात असते. तापमान वाढले की हे प्रमाण झपाट्याने वाढते: 40 चे 55 अंश झाले, तर पाणी जवळजवळ दुप्पट. दाब वाढला की ते घटते. त्यामुळेच समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर गॅस आधी कॉम्प्रेसरने दाबतात, मग आफ्टरकूलरमध्ये थंड करतात, त्यात सुटलेले पाणी काढून टाकतात आणि उरलेल्या वाफेसाठी तो सुकवणीच्या युनिटकडे पाठवतात. कॉम्प्रेसर आणि कूलरने आपले काम चोख केले असेल, तर पुढच्या युनिटचे निम्मे ओझे तिथेच उतरते. उन्हाळ्याच्या दुपारी कूलर कमी पडू लागला, की त्याचा परिणाम सर्वांत आधी या सुकवणीवर दिसतो.

मुंबईपासून पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायचा शोध 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने लावला आणि 1976 मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. तिथल्या तेलाबरोबर येणारा गॅस प्रोसेस प्लॅटफॉर्मवरच सुकवून समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला आणला जातो. त्यातला काही भाग मात्र किनाऱ्याकडे न जाता पुन्हा विहिरींमध्येच सोडला जातो. त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. विहिरीतला तेलाचा स्तंभ हलका करून तेल वर आणण्यासाठी हा गॅस लागतो. म्हणजे गॅस ओला राहिला, तर फटका फक्त गॅसविक्रीला बसत नाही, तेलाचे उत्पादनही अडते. प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांना सुकवणीचे महत्त्व पहिल्यांदा कळते ते बहुधा गॅस लिफ्टमधूनच.

गॅस सुकवण्याचे पहिले कारण आहे हायड्रेट. दाबाखालच्या गॅसमध्ये पाणी असेल आणि तापमान पुरेसे उतरले, तर पाण्याचे रेणू मिथेन, इथेन, प्रोपेन अशा वायूंच्या रेणूंभोवती पिंजरे बांधतात आणि घन पदार्थ तयार होतो. दिसायला तो भुसभुशीत बर्फच. पण साधा बर्फ शून्य अंशाला होतो, आणि 70 बार दाबाखाली नेहमीच्या गॅसमध्ये हायड्रेट 15 ते 18 अंशांच्या घरातही जमते. क्लोरीनचे हायड्रेट हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले होते. तरी शंभरहून अधिक वर्षे तो प्रयोगशाळेतला कुतूहलाचा विषय होता. 1934 मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले की हिवाळ्यात गॅसच्या पाइपलाइनी तुंबतात त्या बर्फाने नव्हे, हायड्रेटने. तेव्हापासून गॅस सुकवणे ही उद्योगाची गरज ठरली.

अरबी समुद्रात बर्फ पडत नाही, मग तिथे इतकी थंडी येते कुठून, असा प्रश्न नव्याने येणाऱ्याला पडतो. ती थंडी चोकमध्ये, म्हणजे दाब उतरवणाऱ्या अरुंद व्हॉल्व्हमध्ये, तयार होते. दाबाखालचा गॅस अरुंद छिद्रातून कमी दाबाकडे गेला, की त्याचे तापमान उतरते. नैसर्गिक वायूसाठी ठोकताळा असा की दर बारमागे साधारण अर्धा अंश. 90 बारवरून 40 बारवर आणताना गॅस 25 अंशांनी थंड होतो. 35 अंशांचा गॅस चोकपलीकडे 10 अंशांवर येतो, आणि त्यात पाणी असेल तर हायड्रेट जमायला सगळी परिस्थिती तयार असते. भर मे महिन्यात चोकच्या पुढच्या पाइपवर बाहेरून दहिवर धरलेले दिसते, आणि आत लाइन तुंबलेली असते. विहिरीला जाणारा गॅस कमी होत जातो, मग थांबतो, आणि तेलही बसते. तुंबलेली लाइन घाईने मोकळी करणे धोक्याचे असते. एकाच बाजूचा दाब सोडला, तर सुटलेला हायड्रेटचा गोळा पाइपमधून गोळीच्या वेगाने धावतो आणि बेंड किंवा व्हॉल्व्ह फोडू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू, सारखा उतरवतात, हायड्रेट वितळवणारे मिथेनॉल सोडतात आणि वाट पाहतात. या कामात धीर सुटणे परवडत नाही.

दुसरे कारण गंज. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होते आणि ते पोलाद खाते. हायड्रोजन सल्फाइड असेल, तर धोका आणखी वाढतो. समुद्रतळावरची पाइपलाइन बदलणे हे खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे. कोरड्या गॅसमध्ये हेच वायू फारसे काही करत नाहीत.

गॅस हाडासारखा कोरडा करण्याची गरज नसते. अमेरिकी पाइपलाइनींची जुनी रूढ मर्यादा दर दहा लाख घनफुटांत सात पौंड पाणी, म्हणजे घनमीटरमागे सुमारे 112 मिलिग्रॅम अशी आहे. 70 बार दाबाला याचा दवबिंदू शून्य अंशाच्या आसपास येतो. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला गॅसमधली वाफ थेंब होऊ लागते ते तापमान. पाइपलाइनचा सर्वांत थंड भाग त्याहून पुरेसा उबदार असला, की पाणी सुटण्याचा प्रश्नच उरत नाही. वरच्या उदाहरणात रोजच्या दोन टनांपैकी साधारण पावणेदोन टन पाणी काढले की काम झाले.

हे पाणी काढण्यासाठी जगभर सर्वाधिक वापर ग्लायकॉलचा होतो. ग्लायकॉलच्या रेणूला दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात. मधल्या ऑक्सिजनसह ते पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, पण मिथेनला मात्र फारसे धरत नाहीत. 1930 च्या दशकात सुरुवात झाली ती डायइथिलीन ग्लायकॉलने. पुढे ट्रायइथिलीन ग्लायकॉलने त्याची जागा घेतली आणि आज प्लांटवर नुसते ‘ग्लायकॉल’ म्हटले, तर तेच समजले जाते. निवडीचे कारण उष्णता हे आहे. डायइथिलीन ग्लायकॉल 165 अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते, ट्रायइथिलीन 206 अंशांपर्यंत टिकते. जितके जास्त तापवता येईल तितके पाणी त्यातून जास्त निघते. ग्लायकॉल स्वतः 285 अंशांच्या पुढे उकळते आणि पाणी 100 अंशांना. या मोठ्या अंतरामुळे दोघांना वेगळे करणे सोपे जाते. तेच ग्लायकॉल पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे वापरता येते ते यामुळेच.

युनिटची सुरुवात इनलेट स्क्रबरपासून होते. दिसायला ते एक साधे उभे भांडे, आत जाळीचा मिस्ट एक्स्ट्रॅक्टर. आराखड्यात त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. प्रत्यक्षात ग्लायकॉल युनिटच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ इथे सापडते. गॅसबरोबर येणारे सुटे पाणी, त्यातले मीठ, हलके तेल, कॉम्प्रेसरचे वंगण, विहिरीत घातलेली गंजरोधक रसायने हे सगळे इथेच अडले पाहिजे. स्क्रबरची ड्रेन लाइन तुंबली, लेव्हल दाखवणारी काच मळली, लेव्हल कंट्रोलर अडकला, की पाणी वर चढते आणि गॅसबरोबर टॉवरमध्ये जाते. त्या शिफ्टमध्ये काहीच बिघडलेले दिसत नाही. ग्लायकॉल काळे पडायला आणि ते तापवून पाणी काढणाऱ्या रिबॉयलरच्या नळ्यांवर थर बसायला आठवडे लागतात, आणि तोवर कारण विसरले गेलेले असते. अनुभवी ऑपरेटर राउंडला निघाला की आधी स्क्रबरची लेव्हल हाताने तपासतो, थोडे ड्रेन करून काय येते ते बघतो. पाणी आले तर ठीक, तेल आले तर कॉम्प्रेसरकडे विचारणा करतो.

स्क्रबरमधून निघालेला गॅस कॉन्टॅक्टर टॉवरच्या तळाशी शिरतो. टॉवरमध्ये एकावर एक ट्रे असतात, प्रत्येकावर ग्लायकॉलचा उथळ थर आणि त्यातून गॅसचे बुडबुडे वर जाण्यासाठी बबल कॅप. नव्या टॉवरांमध्ये ट्रेऐवजी पन्हाळी पत्र्यांचे पॅकिंग असते. पाणी काढून टाकलेले, ज्याला प्लांटवर लीन म्हणतात ते ग्लायकॉल वरच्या टोकाला सोडले जाते आणि ट्रेमागून ट्रे खाली उतरते. गॅस खालून वर चढतो. टॉवरच्या माथ्याशी सर्वांत कोरड्या गॅसची गाठ सर्वांत कोरड्या ग्लायकॉलशी पडते, आणि म्हणूनच उरलेली शेवटची वाफही ओढली जाते. तळाशी जमलेले पाणीदार ग्लायकॉल ते रिच.

इथे एक बारकावा आहे आणि तो पॅनेलवर बसणाऱ्याने विसरू नये असा आहे. लीन ग्लायकॉल गॅसपेक्षा साधारण 3 ते 8 अंशांनी गरम असावे लागते. ते गॅसपेक्षा थंड असले, तर गॅसमधले जड हायड्रोकार्बन टॉवरमध्येच द्रवरूप होतात आणि ग्लायकॉलला फेस येतो. फारच गरम असले, तर गॅस पुरेसा सुकत नाही आणि ग्लायकॉलची वाफ होऊन ते गॅसबरोबर निघून जाते. गॅस 10 अंशांच्या खाली गेला तर ग्लायकॉल इतके दाट होते की ट्रेवर नीट मिसळतच नाही, पण मुंबईच्या समुद्रात ही अडचण येत नाही. इथला खरा त्रास उलटा, गॅस जास्त गरम असण्याचा.

टॉवर सुरू करण्याची रीतही ठरलेली आहे. आधी ग्लायकॉल फिरवायचे, प्रत्येक ट्रे भरू द्यायचा, ग्लायकॉल एका ट्रेवरून खालच्या ट्रेवर नेणाऱ्या डाउनकमरमध्ये द्रवाचे सील बसू द्यायचे आणि मग गॅस हळूहळू वाढवायचा. गॅस झटक्यात सोडला तर सील उडतात, ग्लायकॉल खाली न उतरता गॅसबरोबर वर फेकले जाते आणि कधीकधी ट्रेच जागचे हलतात. ट्रे हलले की पुढच्या शटडाउनपर्यंत दवबिंदू सुधारत नाही, कितीही प्रयत्न केले तरी.

रिच ग्लायकॉलचा परतीचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे आणि युनिटचे खरे सामर्थ्य त्यातच आहे. टॉवरच्या तळातून निघून ते आधी रिबॉयलरवरच्या स्टिल कॉलमच्या माथ्यातल्या कॉइलमधून जाते, गरम लीन ग्लायकॉलकडून थोडी उष्णता घेते आणि फ्लॅश ड्रममध्ये येते. तिथे दाब काही बारपर्यंत उतरतो. दाबाखाली ग्लायकॉलमध्ये विरघळलेला गॅस सुटतो आणि इंधन म्हणून वापरता येतो. वर तरंगणारे तेल वेगळे काढतात. मग फिल्टर: आधी कापडी कार्ट्रिजचा, गंजाचे आणि लोहसल्फाइडचे कण धरणारा, त्यानंतर सक्रिय कोळशाचा, विरघळलेले तेल आणि रसायने शोषणारा. हा क्रम उलटा झाला तर कोळसा कणांनी तुंबतो आणि वाया जातो. फिल्टरवरचा दाबफरक वाढला की कार्ट्रिज बदलायचे, हे साधे काम. तरी सुट्या भागांची बोट आली नाही म्हणून बायपास उघडून ठेवलेला फिल्टर ही अनेक प्लांटवर दिसणारी गोष्ट आहे, आणि तिची किंमत पुढे रिबॉयलरमध्ये मोजावी लागते.

शेवटी ग्लायकॉल स्टिल कॉलममधून रिबॉयलरमध्ये उतरते. तिथे ते जवळजवळ वातावरणाच्या दाबालाच 190 ते 204 अंशांपर्यंत तापवले जाते. पाण्याची वाफ कॉलममधून वर निघून जाते. वर जाताना तिच्याबरोबर थोडे ग्लायकॉलही निघते, ते माथ्यातल्या थंड कॉइलवर द्रव होऊन परत खाली येते. म्हणून कॉलमच्या माथ्याचे तापमान 100 अंशांच्या आसपास राखतात. ते बरेच वर गेले तर ग्लायकॉल वाफेबरोबर आकाशात जाते, बरेच खाली गेले तर पाणीच परत रिबॉयलरमध्ये पडते. रिबॉयलरमधून निघालेले लीन ग्लायकॉल सर्ज टँकमध्ये जमते, येणाऱ्या थंड ग्लायकॉलला उष्णता देत थंड होते, पंपाने दाब घेते आणि पुन्हा टॉवरच्या माथ्याशी पोहोचते.

204 अंशांना वातावरणाच्या दाबाखाली ग्लायकॉल साधारण 98.6 टक्के शुद्ध होते. पाण्याचा उरलेला दीड टक्का गॅसच्या दवबिंदूला मर्यादा घालतो: लीन ग्लायकॉलमध्ये जेवढे पाणी उरले असेल, त्याच्याशी समतोल साधण्यापलीकडे गॅस सुकूच शकत नाही. तापमान आणखी वाढवायची सोय नाही, कारण ग्लायकॉल जळू लागते. मग रिबॉयलरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या छोट्या कॉलममध्ये थोडा कोरडा गॅस सोडतात. हा स्ट्रिपिंग गॅस पाण्याच्या वाफेला ढकलून बाहेर नेतो आणि शुद्धता 99 टक्क्यांच्या बरीच पुढे जाते. उष्ण हवामानात, जिथे टॉवरमध्ये येणारा गॅसच 45 अंशांचा असतो, तिथे या मदतीशिवाय चालत नाही.

या साखळीतला सर्वांत ठाम धडा असा: दवबिंदू बिघडला, की पहिला हात पंपाकडे जातो आणि तोच बहुतेक वेळा चुकतो. पंपाचा वेग वाढवणे सोपे, लगेच करता येण्यासारखे. म्हणून रात्रपाळीत ते केले जाते. पण हिशेब पाहा. एक किलो पाणी काढायला साधारण 25 लिटर ग्लायकॉल पुरते. वरच्या उदाहरणातल्या प्लांटमध्ये तासाला 75 किलोच्या आसपास पाणी काढायचे असेल, तर तासाला 1,900 लिटरच्या आतबाहेर ग्लायकॉल फिरवले की झाले. टॉवरमध्ये जाताना ग्लायकॉल साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांचे आणि परतताना पंच्याण्णवच्या आसपासचे असते. यापुढे प्रवाह दीडपट केला, तर गॅसचा दवबिंदू फारसा उतरत नाही, पण रिबॉयलरवरचा भार मात्र दीडपट होतो. बर्नर आधीच पूर्ण चालत असेल, तर रिबॉयलरचे तापमान पडते, लीन ग्लायकॉलची शुद्धता घटते आणि गॅस आधीपेक्षा ओला होतो. मग पंप आणखी वाढवला जातो. सकाळी येणाऱ्या शिफ्टला पॅनेलवर दिसते ते 190 च्या खाली गेलेले रिबॉयलर आणि पूर्ण वेगाने धावणारा पंप. उपाय बहुतेकदा उलट दिशेचा असतो. प्रवाह गरजेवर आणायचा, रिबॉयलरला तापमान पकडू द्यायचे, स्ट्रिपिंग गॅस चालू आहे ना ते बघायचे आणि काही तास थांबायचे. इतक्या ग्लायकॉलची शुद्धता सुधारायला वेळ लागतो.

ग्लायकॉलची तब्येत कळते ती नमुन्यावरून. चांगले ग्लायकॉल स्वच्छ, फिकट पिवळसर असते. नमुन्याची बाटली उजेडासमोर धरली की बरेच काही दिसते. तपकिरी झाले असेल तर ते कुठेतरी जळते आहे. काळे आणि तळाशी बारीक गाळ असेल तर लोहसल्फाइड, म्हणजे कुठेतरी गंज चालू आहे. वर पातळ तवंग असेल तर तेल शिरले आहे. वासही कामाला येतो. जळलेल्या ग्लायकॉलला अति पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर वास येतो, आणि जुने कामगार बाटली उघडताच तो ओळखतात. पण बेन्झीनचा संशय असेल तिथे नाक बाटलीपाशी नेण्याची सवय सोडायला हवी. त्याबद्दल पुढे येईलच.

प्रयोगशाळेत मोजायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आम्लता. निम्मे ग्लायकॉल, निम्मे ऊर्ध्वपातित पाणी असे मिश्रण करून पीएच पाहतात. तो 7 ते 8.5 च्या दरम्यान हवा. गॅसमधले आम्लधर्मी वायू आणि ऑक्सिजनच्या संपर्काने झालेली सेंद्रिय आम्ले त्याला खाली ओढतात. 6 च्या खाली गेला तर पोलाद खाल्ले जाते. साठवण टाकीत हवा शिरू नये म्हणून तिच्यावर गॅसचे आच्छादन ठेवतात ते याचसाठी. पीएच वर आणायला अमाइन घालतात, पण थोडे थोडे, दिवसांच्या अंतराने. एकदम ओतले, तर साचलेला गाळ सुटतो, फिल्टर तुंबतात आणि 9 च्या पुढे पीएच गेला की फेस सुरू होतो. लीन आणि रिच दोन्ही नमुन्यांतले पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजतात. ही पद्धत 1935 ची आहे आणि आजही तिच्यावरच भिस्त आहे. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून ग्लायकॉल किती पाणी उचलते ते कळते. फरक फार छोटा असेल, तर पंप गरजेपेक्षा जास्त चालला आहे.

मिठाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मीठ भरून न येणारी हानी करते. समुद्रातल्या विहिरींचे पाणी खारट असते आणि स्क्रबर निसटू देतो त्या थेंबांबरोबर मीठ ग्लायकॉलमध्ये जाते. पाणी रिबॉयलरमध्ये उडून जाते, मीठ उडत नाही. साधे मीठ गरम ग्लायकॉलमध्ये थंड ग्लायकॉलपेक्षा कमी विरघळते. त्यामुळे ते नेमके सर्वांत गरम जागी, रिबॉयलर तापवणाऱ्या फायर ट्यूबच्या पृष्ठभागावर बाहेर पडून बसते. थराखाली उष्णता अडते, नळीचा तेवढा भाग तापून लाल होतो, त्यावरचे ग्लायकॉल जळून कोळसा होते आणि थर जाड होत जातो. रिबॉयलरचे थर्मामीटर मात्र 200 च दाखवत असते, कारण ते द्रवाचे सरासरी तापमान मोजते. शटडाउनमध्ये ट्यूब बाहेर ओढली की राखाडी-पांढऱ्या मिठावर काळ्या कोळशाची पापुद्रे धरलेली साल दिसते, आणि ती छिन्नीने काढताना खालच्या धातूत पडलेले खड्डे दिसतात. एवढे झाल्यावर ट्यूब बदलण्याशिवाय मार्ग नसतो.

फेस हे ग्लायकॉल युनिटचे सर्वांत वेगाने येणारे संकट. तेल, गंजरोधक रसायन किंवा बारीक कण ग्लायकॉलमध्ये मिसळले, की ट्रेवर फेस धरतो, टॉवरमधला दाबफरक वर-खाली उड्या मारू लागतो आणि ग्लायकॉल गॅसबरोबर पुढे जाते. कंट्रोल रूममध्ये तीन गोष्टी एकाच वेळी दिसतात: सर्ज टँकची लेव्हल उतरते, दवबिंदू चढतो आणि पुढच्या स्क्रबरमध्ये द्रव वाढतो. गॅसचा प्रवाह थोडा कमी करणे हा तातडीचा उपाय. फेस मोडणारे रसायन थोड्या प्रमाणात चालते, पण तो उतारा आहे, इलाज नाही. जास्त झाले तर तेच फेस वाढवते. इलाज म्हणजे स्क्रबर आणि कोळशाचा फिल्टर. नीट चाललेल्या युनिटमध्ये दर दहा लाख घनमीटर गॅसमागे ग्लायकॉलची घट 13 लिटरच्या आसपास राहते. घट त्याच्या कितीतरी पट होऊ लागली आणि फेस नाही असे वाटत असेल, तर ते कुठून जाते ते एकेक वाट तपासून शोधावे लागते: पंपाचे पॅकिंग, स्टिल कॉलमचा माथा, फ्लॅश ड्रममधून तेलाबरोबर जाणारा भाग. घट भरून काढायला नव्या ग्लायकॉलचे पिंप ओतत राहणे आणि नोंद न ठेवणे हा सर्वांत महागडा मार्ग.

चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशा पाळ्यांमध्ये युनिटचे वर्तन एका माणसाच्या डोक्यात राहत नाही. हेलिकॉप्टरने परत जाणारा ऑपरेटर आपल्याबरोबर बरेच काही घेऊन जातो. लॉगशीटवर दर तासाला लिहिले जाणारे आकडे, शेरा रकान्यातली ‘ग्लायकॉल गडद’, ‘स्क्रबरमध्ये तेल’ अशी दोन शब्दांची नोंद, हीच युनिटची स्मृती. आकडा न पाहता मागच्या तासाचाच उतरवण्याची सवय काही ठिकाणी असते. ग्लायकॉल युनिटचे बिघाड हळू वाढणारे असल्याने, अशा लॉगशीटमुळे ते दिसतच नाहीत.

दवबिंदू मोजायची सर्वांत विश्वासाची जुनी रीत म्हणजे थंड आरसा. गॅसच्या प्रवाहात चकचकीत आरसा हळूहळू थंड करतात आणि त्यावर पहिले दव केव्हा धरते ते डोळ्यांनी पाहतात. त्यासाठी नजर तयार लागते, कारण पाण्याच्या दवाआधी ग्लायकॉलची किंवा तेलाची पातळ झाक आरशावर येऊ शकते. आता बहुतेक ठिकाणी सतत वाचन देणारे संवेदक असतात. गॅसबरोबर वाहून आलेले ग्लायकॉल संवेदकाला चिकटले, तर तो चुकीचे आकडे दाखवत राहतो. म्हणून आरशाचे उपकरण कपाटात पडून राहू नये, अधूनमधून त्याने पडताळणी व्हावी.

ग्लायकॉलला मर्यादा आहेत. गॅस उणे शंभर अंशांच्या आसपास नेऊन त्यातून इथेन-प्रोपेन काढायचे असेल किंवा तो द्रवरूप करायचा असेल, तर पाणी दहा लाखांत एका भागाच्याही खाली न्यावे लागते. तिथे मॉलिक्युलर सीव्हच, म्हणजे पाणी सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवणारे घन कणच, लागतात. दाभोळला जहाजाने येणारा द्रवरूप वायू जिथे द्रवरूप केला तिथेच असा सुकवलेला असतो, म्हणून इथे तो पुन्हा वायुरूप केल्यावर सुकवावा लागत नाही. पण पाइपलाइनच्या गरजेपुरत्या सुकवणीला ग्लायकॉल स्वस्त, आटोपशीर आणि सतत चालणारे आहे.

एका बाबतीत मात्र या युनिटकडे फार काळ दुर्लक्ष झाले. ग्लायकॉल पाण्याबरोबर बेन्झीन, टोल्युइन, झायलीन असे सुगंधी हायड्रोकार्बनही शोषते. रिबॉयलरमध्ये ते वाफेबरोबर सुटतात आणि स्टिल कॉलमच्या व्हेंटमधून बाहेर पडतात. दिसायला तो वाफेचा पांढरा लोट असतो. बेन्झीनने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेने 1999 मध्ये ग्लायकॉल युनिटमधून निघणाऱ्या या वायूंवर नियम केले. व्हेंटची वाफ थंड करून द्रव वेगळा काढणे आणि उरलेला वायू जाळणे हे उपाय तेव्हापासून रूढ झाले. गरजेपेक्षा जास्त ग्लायकॉल फिरवले तर बेन्झीनही जास्त शोषले जाते, म्हणजे पंप आटोक्यात ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

तेव्हा ज्यांच्या हाताखाली नवे ऑपरेटर आणि कंत्राटी कामगार शिकतात, त्यांनी पहिल्याच राउंडला हे सांगावे: स्टिल कॉलमच्या व्हेंटमधून येते ती नुसती पाण्याची वाफ नव्हे. तिथे काम असेल तर वारा पाठीशी घेऊन उभे राहावे, नमुना घेताना हातमोजे आणि योग्य मास्क वापरावा, बाटली नाकाशी नेऊ नये, आणि व्हेंटचा कंडेन्सर बंद पडलेला दिसला तर तो पंप बंद पडल्याइतक्याच तातडीने लॉगशीटवर नोंदवून दुरुस्त करून घ्यावा.